एका नावाच्या दोघी

१४ जाने. १९९७, पेण
रोह्याहून होकार आला. आईने आधी देवापुढे तिळगूळ ठेवला आणि मग मला सांगितलं. म्हणजे ज्याचं लग्न त्याला शेवटी. नितीन (पुढे नुसतं नि.) तिथेच एका कंपनीत स्टोअर्सला आहे. बघायला आला तेव्हा मी कंपनीत काय करते ते त्याने खरंच ऐकून घेतलं होतं. सांगितलं, एक्सेलमध्ये सेलला नाव देता येतं. D7 वजा F12 लिहिण्यापेक्षा =TAKI-VAPAR. टाकीत होतं त्यातून वापरलं ते गेलं, उरलं ते समोर. फॉर्म्युला वाचून कुणालाही कळतो. म्हणाला, "म्हणजे बिचाऱ्यांची नंबरातून सुटका." तेवढ्यावर आवडला. रंगरूप नंतर पाहिलं.

२० जाने.
कंपनीत नवी टाकी बसली. मी डबा खायला गेले तर साहेबांनी माझ्या मशीनवर बसून तिच्या सेललाही TAKI हेच नाव दिलं. एक्सेल हूं की चूं करत नाही. जुन्या टाकीचं नाव काढून घेतलं आणि नवीला लावलं. सगळे फॉर्म्युले रिकाम्या टाकीतून वजा करायला लागले. साहेब चारचौघांत: "मॅडम, तुमचं शीट चुकतंय." मी म्हटलं, सर, एका फाइलमध्ये एकच नाव दोन ठिकाणी चालत नाही. "मग आधी सांगायचं ना." चोराच्या उलट्या बोंबा.
शेवटी नवीकडे TAKI राहू दिलं, कारण साहेबांनी दिलेलं. जुनीला JUNITAKI केलं आणि सगळे फॉर्म्युले बदलत बसले. तिचं काही चुकलं नव्हतं.

२ फेब्रु.
नि.च्या आईचा निरोप, मामांकरवी. त्यांच्या मोठ्या सुनेचं नावही माझ्यासारखं स्मिताच आहे. तेव्हा माझं बदलायचं. लग्नात ताम्हनात तांदूळ पसरून नि. अंगठीने जे लिहील ते माझं नाव. पूर्वा, सायली, प्राजक्ता, यातलं कुठलं चालेल ते कळवा म्हणे. साडीचा रंग विचारावा तसं.
जेवले नाही. आई म्हणाली, "माझं नाय बदललं? मेले का मी?" विचारलं, मग तुझं आधीचं काय होतं? तर भाजी करपतेय म्हणून उठली. भाजी केव्हाच उतरवलेली.

९ फेब्रु.
रोह्याला नि.कडे हळदीकुंकू. स्वयंपाकघरात मोठ्या वहिनी एकट्याच, त्याच त्या स्मिता. विचारलं, माहेरीही स्मिताच होतात? हसल्या.
"नाय गो. मी खांब गावची गुलाब. सासूबाईंना गावंढळ वाटलं, तर लग्नात स्मिता केलं."
म्हणजे माझं जन्माचं नाव यांना न विचारता चिकटवलं, आणि आता ते यांच्याकडे आहे म्हणून माझं काढणार. काय न्याय आहे. मी म्हटलं, तुम्ही परत गुलाब झालात तर? वाणाची वाटी हातात तशीच राहिली.
"होईन की. आजच होईन. पण मला इचारतंय कोण?"

१० फेब्रु.
कंपनी सुटल्यावर नि.ला एस.टी. स्टँडवर बोलावलं. म्हणे, "नाव बदललं म्हणून माणूस बदलतं का?" नाही ना, मग बदलता कशाला? "अगं, एका घरात दोन स्मिता. हाक कुणाला मारली कसं कळणार?"
विचारलं, वहिनींचं माहेरचं नाव काय? आठवेना त्याला. रोज त्यांच्या हातचं जेवतो.
सांगितलं मी. गुलाब. त्यांचं त्यांना परत द्या, माझं मला राहू दे. नाही तर लग्न मोडलं समज.
बोलून गेले खरी. मोडायचं नाहीये मला. आवडतो तो, हीच तर गोची.

१८ फेब्रु.
ऑफिसात नि.चा फोन. "जिंकलीस. तू स्मिताच राहणार." इतकी खूष झाले की साहेबांकडे बघूनसुद्धा हसले. म्हटलं, आणि वहिनी गुलाब ना?
"नाही. आईला ते नाव नकोच आहे. वहिनीचं सुवर्णा ठरलंय."
त्यांना विचारलंत?
"तिचं काय, ती कधी नाही म्हणत नाही."
फोन ठेवला. याला मी समजूतदार समजत होते. आणि मी तरी काय, भांडले माझ्यासाठी, भरडल्या त्या.

२३ फेब्रु.
सासूबाई आणि वहिनी पेणला खरेदीला. सासूबाई आत साड्या उलगडायला लावत होत्या, आम्ही दोघी दुकानाच्या पायरीवर. वहिनी म्हणाल्या, "सुवर्णा बी चांगलंच हाय. फक्त पोरगा शालेत आईचं नाव स्मिता सांगतो. त्याला आता नवीन शिकवायला लागंल." तक्रार नाही. रडू मला आलं, त्यांना नाही.
म्हटलं, मी आत्ता आत जाऊन सांगते. माझा हात घट्ट धरला.
"नको गो. तू बोलशील, पन घरात ऐकायला मला लागंल."
आतून हाक आली, "स्मिता". दोघी उठलो.

२६ फेब्रु.
पत्रिकेचं प्रूफ आलं. दोन्ही घरांची एकच पत्रिका. चि. सौ. कां. स्मिता, ठळक अक्षरांत. खाली नि.कडच्या मंडळींत सौ. सुवर्णा. लग्न व्हायचंय अजून, पण छापून मोकळे.
लाल पेन घेऊन बसलेय. त्यांचं खोडून गुलाब लिहावं, तर बोलणी त्या खाणार. माझं खोडावं, तर त्या निदान स्मिता तरी राहतील, पोराला काही शिकवायला नको. आणि मी? पूर्वा? सायली?
प्रेसवाल्याचा माणूस ओट्यावर थांबलाय. बाबा दुसऱ्यांदा येऊन विचारून गेले, "नावं बरोबर हायत ना गो सगळी?"