सहीनंतरचा मशवरा

शुक्रवार, मगरिबच्या नमाजानंतर

जुन्या नाशकातल्या आमच्या शाळेतून मुख्याध्यापिका जुबैदा आपांना काढायचं का, यावर आज ट्रस्टचा मशवरा झाला. त्यांचा गुन्हा काय, तर मुलींच्या संडासाला दार मागितलं. कारभार सल्ल्याने चालवावा हा दीनचा हुकूम, म्हणून ट्रस्टच्या अध्यक्षांनी, सदरसाहेबांनी, एकेकाचं मत विचारलं. पण आपांना काढल्याचं पत्र सहीसकट त्यांच्यापुढेच पडलेलं!

मी म्हटलं, "भाई, पत्र तयार आहे, मग आम्हाला कशाला बोलावलंत?"

"सल्ला घेणं पैगंबरांची रीत, सुन्नत आहे," सदरसाहेब म्हणाले.

सगळे हसले. मीही. टवाळीपलीकडे येतं काय मला? त्या पत्रावरची सहीसुद्धा वाळली होती. पाळी आली तेव्हा म्हणालो, "जशी आपली मर्जी."

बाहेर आपा उभ्या. "भाईजान, तुम्ही तरी बोलला असाल ना?"

मी चपला शोधत राहिलो. त्या पायातच होत्या.