बाबांची नव्वद दिवसांची तारीख

आई,

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी पडवीत बसून पासपोर्टच्या झेरॉक्सवर सह्या करत होते. तू पपई सोलता सोलता म्हणालीस, "अहो, एकतीस वर्षं थायलंडात, या लांपांगात राहताय, तरी परदेशी म्हणून दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशन कचेरीत पत्ता कळवायला जाता. पळून जाल असं वाटतं का त्या लोकांना?"

"तुझ्या हातचं खाल्लेला परत डेन्मार्कला कशाला पळेल?" ते म्हणाले.

मी मध्येच बोलले, "आमची नावं सरकारच्या निळ्या घरपुस्तकात, तुमचं परदेशी लोकांच्या पिवळ्या. काही म्हणा बाबा, तुम्ही पाहुणेच." तू हसलीस. ते मात्र पेनाचं टोपण शोधत राहिले.

पासपोर्टला टाचलेल्या चिठोरीवर पुढच्या हजेरीची म्हणून आजचीच तारीख आहे. सकाळी तू त्यांचा निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलास, पिशवीत फॉर्मही घातलास. मी दारातून पाहिलं.

तू आत्ता झोपली आहेस, म्हणून लिहून ठेवते. पासपोर्ट आणि मृत्यूचा दाखला घेऊन मी कचेरीत जाते आहे. ते येणार नाहीत, हे तिथे सांगायला हवं. चिकट भात टोपलीत झाकलाय, थोडा तरी खा. शर्ट तिथेच आहे, मी हलवला नाही.

हे लिहायला बसण्याआधी मी त्या खुर्चीपाशी थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "बाबा, हे घर तुमचं आहे."

पुई