सात महिन्यांची तुकडी

३ मार्च १९६४, शारजा

हॅलोवेलसाहेबांनी आज टाइप करायला जाडजूड गठ्ठा दिला. विमानतळाच्या ऑफिसचं काम नाही, खाजगी. लढाईत ते नेव्हीच्या एका तुकडीत पायलट होते, तिचा इतिहास लिहितायत. खाली नुसतं पाणी असताना वाट कशी काढायची, वायरलेस कसा चालवायचा, हे नव्या पोरांना शिकवणारी तुकडी. फेब्रुवारी ते ऑगस्ट १९४३. सात महिने, खलास. एवढ्याचा कसला इतिहास?

५ मार्च

ठिकाण वाचलं नि हात थांबला. कारवारच्या खाली, समुद्रकाठची धावपट्टी — अब्बा तिथंच होते! जमाल खलाशी, बचावाच्या बोटीवर. ११ ऑगस्टला बोट बुडाली, अब्बा गेले. मी तीन वर्षांचा होतो. साहेबांना सांगावं का? नाही सांगितलं.

९ मार्च

काहीतरी चुकतंय. ११ ऑगस्टच्या पानावर: बोट नंबर चार बुडाली, खलाशी बेपत्ता. तुकडी बंद झाली ३१ तारखेला, तेव्हा परत केलेल्या सामानाच्या यादीत: बोट नंबर चार, सुस्थितीत. दोनदा वाचलं. बुडालेली बोट परत कशी देतात?

त्याच ११ तारखेला एक विमानही समुद्रात पडलं. पायलट हॅलोवेल, पाय मोडला. सोबतचा शिकाऊ मेला. विमान पडलं म्हणून बोट गेली, की बोट आधी गेली? डोकं चालत नाही.

१० मार्च

मुनीरभाईंना दाखवलं. माझा चुलतभाऊ, इथली नोकरी त्यांनीच लावून दिली. म्हणाले, "लढाईतले कागद ते. सोड. यल्ला, चल, जेवून घे." पण माझ्याकडे बघत नव्हते.

१४ मार्च

विचारलं शेवटी. "साहेब, बोट नंबर चार बुडाली होती का?"

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. मग तोडक्या हिंदीत म्हणाले, "नाही. जमाल बोटीत नव्हता. माझ्या विमानात होता."

शिकाऊ पोरं रोज वाट चुकायची. अब्बा त्यांना सांगायचे, पाण्याचा रंग बघा, नदीचं गढूळ पाणी कुठवर येतं ते बघा. ते वरून दाखवायला साहेब अब्बांना घेऊन गेले. परवानगी नव्हती. इंजिन बंद पडलं. विमानाच्या यादीत माणसं दोनच. बेशुद्ध साहेब आणि त्या पोराचा देह, दोघं मिळाले नि बचावाची बोट माघारी फिरली. तिसऱ्याला कुणी शोधलंच नाही. पुढे अब्बा कसे गेले ते दाखवायला वरिष्ठांनी कागदावर बोट बुडवली, साहेबांनी सही केली.

"मी कोणाचा मुलगा, ते ठाऊक होतं तुम्हाला?"

"होय."

उठून निघून आलो.

१५ मार्च

ऑफिसला गेलो नाही.

१७ मार्च

अम्मीला पत्र टाकलं. सगळं लिहिलं. नोकरी सोडून घरी येतोय, असंही.

ज्याने अब्बांना मारलं तो हाच, आणि खरं सांगणाराही हाच. एवढी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, कागद गुपचूप जाळता आले असते. माझ्याच हातात का दिले? राग येतो, मग धरवत नाही. मग धरवत नाही याचाच राग येतो.

२ एप्रिल

सामान बांधलं होतं. अम्मीचं उत्तर येईपर्यंत थांबतो. ऑफिसला गेलो. साहेब म्हणाले, "अकरा ऑगस्टचं पान तू लिही. जसं झालं तसं." कागद चढवला. विमानातल्या माणसांत तिसरं नाव टाइप केलं. पुढे काही सुचलं नाही.

२३ एप्रिल

अम्मीचं पत्र आलं. अक्षर माझ्या बहिणीचं, साजिदाचं.

"तो साहेब चव्वेचाळीस साली कुबड्या घेऊन आपल्या दारात आला होता. सगळं सांगून, रडून गेला. तू विमान दिसलं की हात हलवत धावायचास, म्हणून तुला बोट सांगितली. तुझी नोकरी मुनीरने लावली नाही. मीच साहेबाला पत्र धाडलं, की पोरगा मोठा झालाय, त्याला तुझ्याकडे कामाला ठेव, मला सांगवत नाही, तूच त्याला सांग."