चिखलातली चिंबोरी

उरण, रविवार, २८ एप्रिल १९५७

आज पहाटेच्या ओहोटीला सुमीला घेऊन खेकडे धरायला खाडीत उतरलेच! अमावस्या जवळ आली, चिंबोऱ्या अगदी भरलेल्या. चार वर्षांची पोर, ढोपरापर्यंत चिखल, आणि काय तिचा आनंद! नांगी चुकवून मागून कसं धरायचं ते दाखवलं. माझ्या आईनेही मला असंच शिकवलं होतं.

परतलो तर दारात सासूबाई. "कारकुनाची बायको ना चिखलान? लोकं काय बोलतील?" हेही म्हणाले, "आता आपण नोकरदार माणसं." मी गप्प राहिले. का राहिले?

दुपारी नांगी चोखत ह्यांनी कालवण दुसऱ्यांदा मागितलं. सुमीने विचारलं, "बाबा, आता लोकं काय बोलतील?"

पुढच्या रविवारी ओहोटी भर दुपारी आहे. सुमीला घेऊन सगळ्यांच्या दारांवरून जाणार.