वाकलेली माणसं गाडीला दिसत नाहीत

१२ मे
आज गाडीने मुरोई आजींना उडवलंच होतं!
चाचणीची ही स्वयंचलित गाडी झेब्रा पट्ट्यांपाशी आपली आपण थांबली – शाबास. आजी मध्येच थबकल्या, गाडीकडे वळल्या आणि थांबल्याबद्दल कंबरेत वाकल्या. इथे सगळेच वाकतात. आजी वाकल्या आणि गाडी निघाली! स्टीअरिंगमागे बसलेली मी ब्रेकवर जवळजवळ उभीच राहिले. बंपर आणि आजींचा अंबाडा – वीतभर अंतर.
आजीच म्हणाल्या, "माफ करा हं, माझ्यामुळे खोळंबलात."
शेजारी इंजिनिअर कुवाबारा, मांडीवर लॅपटॉप. "घाई केलीत, हिराकाबाई. थांबली असती ती." पडद्यावर मात्र – माणूस आहे, माणूस आहे, माणूस नाही. वाकलं की माणूस संपला! मी वीस वर्षं बस चालवली, झिंगून आडव्या पडलेल्यांनाही माणूसच समजले. शिक्षण कमी, दुसरं काय.

१३ मे
ऑफिसला सगळं लेखी कळवलं.

१५ मे
ऑफिस हललं! चाचणी थांबवली? छे. शाळेच्या रस्त्यावर आजींना त्रास झाला म्हणून शाळेला माफीचं पत्र धाडलं. शाळा बिचारी ओशाळली. सोमवारी तोक्योहून साहेब बघायला येणार, तेव्हा बासष्ट पोरं रस्त्याच्या मधोमध थांबून, वाकून गाडीचे आभार मानणार.
मी कुवाबाराला म्हटलं, "अरे, वाकू नका म्हणून सांग त्यांना!"
"शाळेला असं कसं सांगायचं? उद्धटपणा दिसेल."
"आणि पोरं चिरडली तर तो काय, शिष्टाचार?"
कुवाबारा लाजून हसला. "साहेब म्हणतात, तुमचा पाय घाबरट. सोमवारी मी बसतो स्टीअरिंगवर. तुम्ही फक्त गाडी शाळेपर्यंत आणून द्या."
"तू तरी ब्रेक दाबशील ना?"
"गाडी दाबेल."

१६ मे
शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी चहा दिला, "फार काळजी करता तुम्ही" म्हणाले, आणि दारापर्यंत सोडायला आले. वाकून.
मैदानात सराव चालू होता. पिवळ्या टोप्या एकदम खाली – एक, दोन, तीन. एकही चेहरा दिसेना. कुंपण धरून उभी राहिले.

१८ मे
सोमवार, सकाळी सव्वासात. शाळा भरायला पाऊण तास आहे. गाडी शाळेअलीकडच्या भातखाचरात घातली. बॉनेटपर्यंत चिखल. कुवाबारा बांधावरून ओरडत पळत येतोय – "लागलं का? चुकून गेली का?"
नाही म्हणणार आहे. दोन्हीला.