चौसष्ट कुंड्या आणि एकच माती

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. (वाकणं आता फक्त कागदावर. उजव्या गुडघ्याने राजीनामा दिला आहे, डावा नोटिशीवर आहे.) तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण बरी नसती तर तुम्ही कुणाकरवी तरी मला ऐकवलं असतंच. रक्तदाबाची गोळी सकाळी वेळेवर घेत असाल. घेत नसाल तर मी काही बोलणार नाही. आठ महिने आपण एकमेकींशी चकार शब्द बोललेलो नाही, तेव्हा एकदम औषधांवर येणं बरं दिसत नाही.

मला तुमच्याकडून काही नको आहे, हे आधीच सांगून टाकते. फक्त इथे जे घडलं ते कुणी तिखटमीठ लावून तुमच्या कानावर घालायच्या आत माझ्याच हातचं वाचा. तुमच्या भावाने गच्चीवर जपलेल्या गवताचं मी एका दुपारी वाटोळं केलं. आणि त्यामुळे त्यांच्या शेवटच्या विद्यार्थिनीची पदवी लोंबकळते आहे. विद्यापीठाने तिला तीन महिन्यांची मुदत वाढवून दिली, त्यातला दीड महिना संपला. झालं. मोठी बातमी आधी सांगून मोकळी झाले. दवाखान्यात नातेवाइकांना मी असंच सांगायचे; उगाच चहा पाजून मग सांगण्यात काय दया आहे मला कधी कळलं नाही.

आता ते गवत. साधं कुसळी गवत, मोज्यात घुसतं तेच. अठ्ठावीस वर्षं ह्यांच्या पायजम्यांतून ती कुसळं मी चिमट्याने उपटली आहेत, त्यामुळे त्या गवताशी माझं नातं तुमच्यापेक्षा जवळचं. ह्यांचं म्हणणं असं की हे एकच गवत, पण माती बदलली की ओळखू येत नाही. काळ्या चिकट मातीत कंबरेएवढं होतं, पानं रुंद. खाऱ्या मातीत पानं अरुंद आणि निळसर. चुनखडीत पिवळट. आणि दगडाच्या खाणीजवळच्या मुरुमात वीतभरसुद्धा नाही, जमिनीला चिकटलेलं, पानांवर लव, जणू थंडीत शाल पांघरून आडवं झालेलं म्हातारं. प्रश्न इतकाच, की हे मातीने तसं केलं की ते मुळातच तसं? (हा प्रश्न मी आयुष्यभर तुमच्या सबंध घराण्याबद्दल विचारत आले, पण मला कुणी पदवी दिली नाही.)

म्हणून ह्यांनी आठ ठिकाणांहून गवत आणलं, आणि प्रत्येकाबरोबर त्याची त्याची माती. प्रत्येक ठिकाणच्या आठ कुंड्या, आठ आठे चौसष्ट. आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. मी चादरी जिन्यात वाळवल्या, पण बोलले नाही. (बोलले. रोज बोलले.) विद्यार्थिनी आठवड्यातून एकदा यायची आणि मोजायची: उंची, पानाची रुंदी, फुटवे किती, लव किती. ती काही पोरसवदा नाही. बेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई, दिवसा शाळेत शिकवते आणि या वयात डॉक्टर व्हायला निघाली. कानावर पेन्सिलीसारखी स्टीलची पट्टी अडकवून हिंडते म्हणून मी तिचं नाव मोजपट्टी ठेवलं. तिला ते माहीत आहे. तिने माझं काय ठेवलंय ते मला माहीत नाही, आणि विचारायची छाती नाही.

हे गेले त्यानंतर मोजपट्टीची आई आजारी पडली आणि ती चार महिने गावी अडकली. तेवढा काळ गच्ची आणि मी. ह्यांनी एवढंच सांगून ठेवलं होतं, पाणी घाल, बाकी हात लावू नकोस. मी घातलं. रोज सकाळी, ओळीने, वॉर्डात राउंड घेतल्यासारखं. आणि वन्सं, तुम्हाला काय सांगू, एका कोपऱ्यात काळ्या मातीतली ती गलेलठ्ठ मंडळी डोलत असायची, आणि त्यांच्या शेजारी खाणीवरच्या त्या आठ कुंड्या, बारक्या, लोळलेल्या. रोज तेवढंच पाणी, तेवढंच ऊन, आणि तरी तशाच. एकतीस वर्षं मी मेट्रन होते. माझ्या वॉर्डात एक पेशंट जेवतोय आणि शेजारचा उपाशी आहे असं एकदाही झालं नाही. एके दिवशी मी सवयीने त्यातल्या एका पानावर बोट ठेवलं, नाडी बघतात तसं. तिथेच माझं डोकं फिरलं. घरातल्या एका माणसासाठी मला काही करता आलं नव्हतं, निदान हे तरी करता येईल असं वाटलं असेल. मला माहीत नाही. मी नर्स आहे, कारणं डॉक्टर शोधतात.

रोपवाटिकेतून उत्तम खतमातीची पोती मागवली. रोपवाटिकेच्या माळ्याला हाताशी घेतलं आणि चौसष्टच्या चौसष्ट कुंड्या एका दुपारी रिकाम्या केल्या. मुळं कोमट पाण्यात धुतली (बाळाला आंघोळ घालतात तशी, कानामागेसुद्धा), कुंड्या डेटॉलने पुसल्या, आणि सगळ्यांना तीच मऊ, काळीभोर, सुगंधी माती. माळी म्हणाला, बाई, एवढी बडदास्त गुलाबाचीसुद्धा नसते. चिठ्ठ्या मात्र जिथल्या तिथे लावल्या. बाळांचे बिल्ले अदलाबदल होऊ द्यायची मेट्रन मी नव्हे. जुनी माती खाली फाटकापाशी जास्वंदीच्या आळ्यात ओतली. आठ ठिकाणची माती, वर नळाचं पाणी, वर माळ्याचे पाय. त्या दिवशी ह्यांच्या जाण्यानंतर मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

मोजपट्टी आली ती पुढच्या गुरुवारी. गच्चीच्या दारात थांबली, कानावरची पट्टी हातात घेतली, परत कानावर ठेवली. मग खाली बसली. मला वाटलं चक्कर आली, मी डोकं गुडघ्यांत घालायला लावलं. ती तिथूनच म्हणाली, “बाई, मातीची तपासणी व्हायची होती हो. सर म्हणाले होते, शेवटी एकदम करू.” खार किती, चुना किती, कण केवढे, पाणी किती धरते, यातलं काहीही अजून तपासलेलं नव्हतं. गवताची मापं दोन वर्षांची, वहीभर. आणि ती ज्या मातीशी ताडून पाहायची ती माती जास्वंदीच्या पोटात. मी तिला म्हटलं, मला कुणी काही सांगितलं का? या घरात मला कधी कुणी काही समजावून सांगतं का?

खरं सांगायचं तर ते रोज सांगत होते. जेवताना सांगायचे, फिरायला गेलो की सांगायचे. भाताच्या ताटात बोटाने रेघा ओढून मातीचे थर दाखवायचे. आणि मी म्हणायचे, बूट दाराबाहेर काढलेत का? अठ्ठावीस वर्षांत मला त्यांच्या मातीबद्दल ठाऊक झालेली एकच गोष्ट म्हणजे ती फरशीवरून कशाने निघते. आता गुरुवारी मोजपट्टी मला तेच सगळं सांगते आणि मी बूड हलवत नाही; कान देऊन ऐकते, वहीत लिहूनसुद्धा घेते. शहाणपण येतं, फक्त त्याची वेळ भेटीच्या वेळेनंतरची असते.

रडून झाल्यावर ती बाई मोजायला लागली. पदर खोचून, गुरुवारचे गुरुवार. मी आकडे लिहून घेते. (माझं अक्षर सिस्टरांनी पट्टीने घडवलंय, त्यांच्या पट्टीने, हिच्या नव्हे.) आणि तीन महिन्यांत असं झालं, की सात ठिकाणचं गवत हळूहळू एकसारखं होत गेलं. खारं, चुनखडीतलं, कुठलं कोणतं ते चिठ्ठी बघितल्याशिवाय कळेना. म्हणजे त्यांचा फरक मातीचा होता. खाणीवरच्या त्या आठ कुंड्या मात्र एवढं खाऊनपिऊन तशाच राहिल्या. पानं जरा तुकतुकीत झाली, पण उंची वीतभर, लव तीच, आडवंच पडणं. त्यांच्या दुबळेपणावर माझ्या मातीचं काही चाललं नाही, कारण तो दुबळेपणा नव्हताच, ते मुळातच तसे होते. मोजपट्टी आनंदाने ओरडली, “बाई, सर पुढच्या वर्षी हेच करणार होते!” मी जिन्यात जाऊन चादरी नीट केल्या. चादरी नव्हत्या तिथे, पण गेले.

तर अर्धं काम असं आपोआप झालं. उरलेलं अर्धं म्हणजे त्याच आठ जागांची माती पुन्हा आणून तपासणं. जागा ह्यांच्या वहीत नोंदवलेल्या आहेत. ते आमचं आम्ही बघून घेऊ, तुम्ही काळजी करू नका. आणि हे गेले त्या दिवशी, सगळे जमलेले असताना तुम्ही मला जे म्हणालात, की नर्स असून घरच्या माणसाचं दुखणं हिला कळलं नाही, त्याबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. ते अन्यायाचं होतं आणि माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीचा अपमान होता, एवढंच लिहिते. प्रकृतीला जपावं.

तुमची भावजय

ता. क. वहीत जागा नोंदवलेल्या आहेत असं वर लिहिलं ते खरंच आहे. मुळाचं वजन दोन दशांशांपर्यंत, हवेचं तापमान, वाऱ्याची दिशा, सगळं आहे. जागेच्या रकान्यात मात्र असं आहे: एक, ताई घसरली तो उतार. दोन, ताईची छत्री उडाली तिथून पुढे. तीन, ताई म्हणाली आता पुरे. चार, ताईला कुत्रं आवडलं ते घर, मागची बाजू. अशा आठ. सरकारी प्रयोगशाळेत हयात काढलेल्या माणसाची ही नोंद. मोजपट्टीने नकाशा पसरून दोन रविवार घालवले, पण तुम्ही कुठे घसरलात ते छापील नकाशात नाही.

ता. क. २. तेव्हा या. आठ जागा तुमच्याशिवाय जगात कुणाला माहीत नाहीत. मला वाटायचं, बहिणीकडे जातो म्हणून ते गवतासाठी जातात. आता वही वाचून वाटतं, गवताच्या निमित्ताने बहिणीकडे जायचे. खाली झोपायची खोली रिकामी केली आहे, तुम्हाला जिना नको. मोजपट्टी गाडी चालवते, बरी चालवते.

ता. क. ३. वर अन्याय वगैरे लिहिलं आहे ते खोडायला गेले, पण सबंध पान पुन्हा लिहावं लागेल, म्हणून ठेवलंय. सोमवारी ते म्हणाले होते, खांदा दुखतोय. मी म्हटलं, कुंड्या उचलायला कुणी सांगितलं होतं, आणि मलम दिलं. ते गुरुवारी गेले. शिकाऊ मुलींना मी पहिल्या दिवशी शिकवत आले, माणूस खांदा म्हणाला की आधी कुठला ते विचारायचं, आणि डावा असेल तर हातातलं काम टाकायचं. मी विचारलंच नाही. हे वाचूनही यावंसं वाटलं तर या. नाही वाटलं तर आठ जागा कागदावर लिहून पाठवा. चित्र काढू नका, तुम्हाला ते जमत नाही.