बाळासकट

ॲशबर्न (अमेरिका), मंगळवार, १४ ऑक्टोबर

ज्याचे चरित्र चार वर्षे लिहीत आहे, तो न्यायाधीश आज हातून निसटला. अमेरिकेतील अगदी सुरुवातीच्या संघीय न्यायाधीशांपैकी एक. पळून आलेल्या एका गुलाम स्त्रीविषयीचा त्याचा निकाल मी युक्तिवादाचा आदर्श म्हणून निवडला होता. नागपूरच्या वकिलीपासूनची सवय: कारणमीमांसेवर टिपणे काढायची, शेवटच्या आदेशावर नुसती नजर टाकायची. कायदा शिकणारी नात सई आदेश आधी वाचते.

"आजोबा, लास्ट पेज! बाईला मालकाकडे परत पाठवलं, बाळासकट. आणि तुम्ही बाजूला ‘एक्सलंट’ लिहिलंय? सीरियसली?"

"कायदा तसाच होता," मी म्हणालो.

"हो, त्यानेही तेच लिहिलंय," ती शांतपणे म्हणाली.

ती रागावली असती तर बरे झाले असते. बाळासकट. हा शब्द मी वाचला नव्हता काय? वाचला होता. त्यावर थांबलो नाही, एवढेच.

संध्याकाळी निकाल पुन्हा तपासला, केवळ चूक सापडावी म्हणून. एक जरी सापडली असती, तरी मला त्याच्यापासून वेगळे होता आले असते. सापडली नाही. त्याच्या जागी मी असतो, तर मीही सही केली असती.